ओव्हरक्लॉक केलेल्या संगणकाचे तीन उन्हाळे: वापरानंतरचा अनुभव

नागपुरात लग्नसमारंभांचे चित्रीकरण आणि संकलन हा माझा व्यवसाय आहे. या कामासाठी डिसेंबर २०२२ मध्ये मी एक संगणक जुळवून घेतला. त्यात रायझन ७ ५८००एक्स हा आठ कोअरचा प्रोसेसर, डीडीआर४ ३६०० प्रकारच्या रॅमच्या प्रत्येकी १६ जीबीच्या दोन स्टिक, दोन पंख्यांचा मोठा एअर कूलर आणि ७५० वॅटचा पॉवर सप्लाय आहे. महिनाभर तो मूळ सेटिंगवर चालवला आणि जानेवारी २०२३ मध्ये प्रोसेसर व रॅम दोन्ही ओव्हरक्लॉक केले, म्हणजे ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवले. तेव्हापासून तीन उन्हाळे गेले. ओव्हरक्लॉकिंग करावे का, असे कुणी विचारले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: प्रोसेसर जळणार तर नाही ना? माझा प्रोसेसर जळला नाही आणि आजही रोज दहा-बारा तास चालतो. तरीही माझे नुकसान झाले. ते नुकसान या प्रश्नात कुठेच बसत नसल्यामुळे मी हे सविस्तर लिहीत आहे.

आधी मी नेमके काय केले होते ते सांगतो. हा प्रोसेसर स्वतःहून एका कोअरवर ४.७ गिगाहर्ट्झपर्यंत जातो आणि सगळे कोअर एकदम कामाला लागले की त्याहून खाली उतरतो. मी सर्व कोअर ४.६५ गिगाहर्ट्झवर कायमचे बांधून टाकले आणि त्यासाठी १.३२५ व्होल्ट दिले. रॅम ३६०० वरून ३८०० वर नेली, तिचे व्होल्टेज १.३५ वरून १.४५ केले, मेमरी कंट्रोलर ज्यावर चालतो ते एसओसी व्होल्टेज १.१५ ठेवले आणि टायमिंग, म्हणजे रॅमच्या प्रत्येक क्रियेला दिलेला वेळ, आवळली. त्यातली टीआरएफसी ही टायमिंग या वेगाला आपोआप रॅमच्या घड्याळाच्या ६६५ ठोक्यांच्या आसपास बसते, ती मी ३०४ वर आणली. रॅम तपासणारे मेमटेस्ट८६ रात्रभर चालवले, त्याच कामाच्या टेस्टमेम५ च्या तीन फेऱ्या केल्या, प्रोसेसरवर भार टाकणारे प्राइम९५ सहा तास चालू ठेवले. एकाही चाचणीत एकही चूक निघाली नाही. प्रत्येक चाचणीपुढे खोलीचे तापमान लिहिण्याची सवय मला होती, त्यामुळे वहीच्या त्या पानावर ‘खोली २० अंश’ अशी नोंद आहे. त्या नोंदीचे महत्त्व मला मे महिन्यात कळले.

फायदा किती झाला, हेही प्रामाणिकपणे नोंदवतो. सिनेबेंच आर२३ या वेग मोजणाऱ्या चाचणीत १५,२०० च्या आसपास येणारा आकडा १५,९५० झाला. चाळीस मिनिटांची एक फिल्म एक्स्पोर्ट करायला ५२ मिनिटे लागत होती, ती ४९ वर आली. रॅमच्या वाढीव वेगाचा माझ्या कामात घड्याळाने मोजता येईल असा उपयोग झाला नाही. १९९८ मध्ये सेलेरॉन ३००ए हा ३०० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर लोक बस (प्रोसेसरला बाकीच्या संगणकाशी जोडणारी वाहिनी) ६६ वरून १०० मेगाहर्ट्झवर नेऊन सर्रास ४५० वर चालवत असत, म्हणजे त्यांना तब्बल दीडपट वेग फुकट मिळत होता. आजचे प्रोसेसर कारखान्यातूनच आपल्या मर्यादेच्या अगदी जवळ चालवून दिले जातात. धोका पत्करायचा तर बदल्यात काय मिळते हे आधी पाहावे, आणि आज बदल्यात मिळतात ते पाच-सहा टक्के.

आता मे २०२३. विदर्भात लग्नांचा हंगाम आणि उन्हाचा कडाका एकाच वेळी येतो, त्यामुळे माझ्या संगणकावर सर्वांत जास्त भार पडतो तो नेमका पारा बेचाळीसच्या पुढे असताना. खोलीत वाळ्याच्या ताट्यांचा कूलर चालू असला तर तापमान ३२-३३ अंशांवर राहते. वीज गेली की इन्व्हर्टरवर संगणक चालतो, कूलर मात्र बंद पडतो, आणि अर्ध्या तासात खोली ३८ वर जाते. अशाच एका दुपारी मी एका लग्नाची कॅमेऱ्यातली मेमरी कार्डे डिस्कवर उतरवून घेत होतो आणि त्याच वेळी मागे दुसऱ्या लग्नाची फिल्म एक्स्पोर्ट होत होती. कुठलीही सूचना आली नाही, निळा पडदा आला नाही, संगणक बंदही पडला नाही.

चार दिवसांनी संकलनाला बसलो. मंगलाष्टके संपून अंतरपाट दूर होतो त्या क्षणाच्या क्लिपमध्ये, वधूच्या चेहऱ्याच्या डाव्या बाजूला, हिरवे-गुलाबी चौकोन उमटलेले दिसले. ते जेमतेम अर्धा सेकंद टिकत होते आणि पुढची पूर्ण फ्रेम आली की नाहीसे होत होते. आधी मला कॅमेऱ्याचा संशय आला, मग कार्डाचा. त्याच दिवशीची एक झिप फाइल उघडताना सीआरसी एरर (फाइलमधला मजकूर बिघडल्याची खूण) आली तेव्हा मात्र पोटात गोळा आला, कारण ती फाइल कॅमेऱ्यातून आलेलीच नव्हती. त्या पंधरवड्यात उतरवलेल्या अकरा लग्नांपैकी ज्यांची कार्डे अजून पुसली नव्हती, ती सर्व मी पुन्हा वाचून चेकसम (फाइलच्या मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) ताडून पाहिले. अंतरपाटाचे धरून एकूण तीन फोल्डर बिघडलेले निघाले. त्यांतल्या दोहोंची मूळ कार्डे शाबूत होती. अंतरपाटाच्या क्लिपचे कार्ड मात्र दुसऱ्या दिवशीच्या कार्यक्रमासाठी वापरून झाले होते, आणि त्या कोनातून दुसरा कॅमेरा नव्हता.

वधूच्या वडिलांना मी घरी जाऊन सांगितले, “काका, कॅमेरा बरोबर होता. चूक माझ्या संगणकाच्या सेटिंगची आहे, आणि ते सेटिंग मीच केलेले आहे.” त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. त्या अर्ध्या सेकंदात मी आजूबाजूच्या फ्रेम बसवून दिल्या, पण जे टिपले गेले होते ते परत आणता आले नाही, याची खंत मला आजही आहे.

हे घडले कसे, हे समजून घ्यायला मला काही आठवडे लागले. डीडीआर४ रॅममधला प्रत्येक बिट म्हणजे एका अतिसूक्ष्म कपॅसिटरमध्ये साठवलेला विद्युतभार असतो. हा भार सतत गळत राहतो, म्हणून रॅमला तो पुन्हा पुन्हा भरून घ्यावा लागतो. ८५ अंशांपर्यंत दर ७.८ मायक्रोसेकंदांनी आणि त्यापुढे त्याच्या दुप्पट वेळा हे पुनर्भरण व्हावे, अशी मानकातच तरतूद आहे. प्रत्येक पुनर्भरणाला किती वेळ द्यायचा ते टीआरएफसी ठरवते. आठ गिगाबिटच्या चिपसाठी मानकाने ३५० नॅनोसेकंद दिलेले आहेत. मी ३०४ हा आकडा टाकला तेव्हा तो वेळ १६० नॅनोसेकंदांवर आणला होता. हिवाळ्यात भार सावकाश गळतो, त्यामुळे एवढा वेळ पुरत होता. मे महिन्यात ग्राफिक्स कार्डाची गरम हवा थेट रॅमवर येत होती. जानेवारीत ३८ अंश दाखवणारा स्टिकवरचा सेन्सर आता ५६ दाखवत होता, आणि या तापमानाला तेवढा वेळ कमी पडू लागला. मी मुद्दाम खोलीतला कूलर बंद ठेवून टेस्टमेम५ लावले तेव्हा पहिली चूक चाळिसाव्या मिनिटाला आली. कूलर चालू ठेवून तीच चाचणी रात्रभर निर्दोष झाली. म्हणजे माझी रॅम खराब झालेली नव्हती आणि सेटिंगही ‘स्थिर’च होते, फक्त ती स्थिरता २० अंशांच्या खोलीपुरती होती.

साध्या डेस्कटॉपमधल्या रॅमला चुका ओळखणारी ईसीसी व्यवस्था नसते. डीडीआर५ मध्ये चिपच्या आत एक दुरुस्ती असते, पण ती चिपच्या आतल्याच चुकांपुरती असते, चिप आणि प्रोसेसर यांच्यामधल्या प्रवासात झालेली चूक ती पकडत नाही. त्यामुळे चुकीचा बिट डिस्कवर बिनबोभाट लिहिला जातो. ऑपरेटिंग सिस्टिमच्या फाइलमध्ये तो पडला तर संगणक अडखळतो आणि आपल्याला निदान समजते. फोटोत, हिशेबात किंवा चित्रफितीत पडला तर वर्षभर कुणाला पत्ता लागत नाही.

हे कळले त्याच आठवड्यात रॅम मी ३६०० आणि १.३५ व्होल्ट या एक्सएमपी प्रोफाइलवर (कंपनीने स्टिकमध्येच भरून दिलेल्या सेटिंगवर) परत आणली, टायमिंग मूळ आकड्यांवर सोडल्या आणि संगणकाच्या केसमध्ये (पेटीत) रॅमच्या दिशेने एक पंखा वाढवला. तेव्हापासून प्रत्येक कार्ड चेकसमसह उतरवतो. त्यातली एक खुबी सांगण्यासारखी आहे: कॉपी झाल्याबरोबर पडताळणी केली तर सिस्टिम बऱ्याचदा फाइल डिस्कवरून न वाचता रॅममधल्या कॅशेतूनच (तात्पुरत्या प्रतीतूनच) वाचते, त्यामुळे पडताळणीला अर्थ राहत नाही. म्हणून मी संगणक रीस्टार्ट करून मगच पडताळतो आणि त्यानंतरच कार्ड पुसतो.

रॅमच्या स्टिकचे कायमचे काही बिघडले का, याचे उत्तर माझ्यापुरते तरी ‘नाही’ असे आहे. त्या चार-पाच महिने १.४५ व्होल्टवर चालल्या आणि मूळ सेटिंगवर आल्यापासून प्रत्येक उन्हाळ्यातल्या चाचण्यांत निर्दोष ठरल्या आहेत. डीडीआर४ चे मानक व्होल्टेज १.२ आहे, एक्सएमपी प्रोफाइल बहुधा १.३५ ची असतात आणि मानकाने कमाल मर्यादा १.५ ची सांगितली आहे, हे लक्षात घेता मी मर्यादेच्या आत होतो. प्रोसेसरची गोष्ट मात्र निराळी झाली.

रॅमचा धडा मिळूनही प्रोसेसरचे ४.६५ गिगाहर्ट्झ मी तसेच ठेवले होते, कारण त्याने काही त्रास दिला नव्हता. एक्स्पोर्ट चालू असताना उन्हाळ्यात तापमान ८८-८९ अंशांवर असे. या प्रोसेसरची मर्यादा ९० ची असल्यामुळे मी निश्चिंत होतो. जानेवारी २०२३ च्या नोंदीप्रमाणे त्याला या वेगासाठी किमान १.३० व्होल्ट लागत होते आणि मी पाव दशांशाचा वाढावा ठेवून १.३२५ दिले होते. सप्टेंबर २०२४ मध्ये, म्हणजे वीस महिन्यांनी, लांब एक्स्पोर्टच्या मध्येच संगणक अचानक रीस्टार्ट होऊ लागला. इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीत व्हीआ-लॉगरची (हार्डवेअरच्या चुका टिपणाऱ्या भागाची) १८ क्रमांकाची नोंद दिसू लागली, म्हणजे चूक प्रोसेसरने स्वतः कळवलेली होती. घाईने निष्कर्ष काढू नये म्हणून मी हीटसिंकमधली धूळ काढली, थर्मल पेस्ट बदलली, बायोस (मदरबोर्डवरची मूळ आज्ञावली) आधीच्या आवृत्तीवर नेले, मित्राचा पॉवर सप्लाय लावून पाहिला. तापमान चार अंशांनी उतरले, रीस्टार्ट मात्र थांबले नाहीत. व्होल्टेज १.३५ केले तेव्हाच ते थांबले. ज्या कामाला आधी १.३० पुरत होते त्याच कामाला आता १.३५ लागत होते.

प्रोसेसर ‘झिजतो’ तो असा. त्याची कारणे अभियांत्रिकीत जुनी आणि परिचित आहेत. तांब्याच्या अतिसूक्ष्म तारांमधून दाट प्रवाह वाहिला की इलेक्ट्रॉनांच्या रेट्याने धातूचे अणूच हळूहळू सरकतात. याला इलेक्ट्रोमायग्रेशन म्हणतात, आणि जेम्स ब्लॅक यांनी १९६९ मध्ये मांडलेल्या समीकरणानुसार प्रवाहाची घनता व तापमान वाढले की तारेचे आयुष्य झपाट्याने घटते. दुसरीकडे, व्होल्टेज आणि उष्णता यांच्या सततच्या ताणाने ट्रान्झिस्टरच्या गेटखालच्या थरात भार अडकून बसतो, ट्रान्झिस्टर चालू व्हायला जास्त व्होल्टेज मागतो आणि मंदावतो. हा दोष काही अंशी विश्रांतीने भरून येतो, काही अंशी कायमचा राहतो. कारखान्यातून प्रोसेसर बाहेर पडतो तेव्हा या झिजेसाठी काही वाव मुद्दाम सोडलेला असतो. आपण ओव्हरक्लॉक करतो तेव्हा तोच वाव पहिल्या दिवशी खर्च करतो, आणि झीज सुरू झाली की शिल्लक काही उरत नाही. म्हणूनच झिजलेला प्रोसेसर मूळ सेटिंगवर उत्तम चालतो. माझाही चालतो.

इथे एक गैरसमज दूर करणे मला फार आवश्यक वाटते, कारण मी स्वतः त्याला बळी पडलो. हाच प्रोसेसर मूळ सेटिंगवर असताना साध्या कामात १.४५ व्होल्टपर्यंत आकडा दाखवतो. ते पाहून मला वाटले होते की कंपनीच १.४५ देत असेल तर आपले १.३२५ पूर्ण सुरक्षित आहे. परंतु ते १.४५ एक-दोन कोअर क्षणभर धावताना, अगदी थोड्या प्रवाहावर आणि कमी तापमानाला दिले जातात. सगळे कोअर कामाला लागले की प्रोसेसर स्वतःच व्होल्टेज बरेच खाली आणतो. वेग हाताने बांधून टाकला की प्रवाह, तापमान आणि व्होल्टेज यांचा हा क्षणोक्षणीचा मेळ बंद पडतो आणि अतितापाने बंद होण्याचा शेवटचा बंदोबस्त तेवढा शिल्लक राहतो. आठही कोअरवर ८८ अंशांना तासन्तास १.३२५ देणे हे क्षणभराच्या १.४५ पेक्षा कितीतरी कष्टाचे आहे. केवळ व्होल्टेजचा आकडा सांगून ‘हे सुरक्षित आहे का’ असे विचारले तर त्याचे उत्तर देता येत नाही.

माझा दोष माझ्या हातचा होता. पण वाढीव व्होल्टेज काय करू शकते याची दोन जाहीर उदाहरणे याच काळात घडली. एप्रिल २०२३ मध्ये रायझन ७००० मालिकेतले काही एक्स३डी प्रोसेसर सॉकेटमध्येच करपल्याचे समोर आले. रॅमचे वेगवान प्रोफाइल सुरू केले की काही मदरबोर्ड एसओसी व्होल्टेज जास्त चढवत होते. त्यानंतर रायझन बनवणाऱ्या एएमडीने नव्या बायोसद्वारे त्यावर १.३ व्होल्टची मर्यादा घातली. २०२४ मध्ये इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांतल्या अस्थिरतेचे कारण प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता हे असल्याचे इंटेलनेच जाहीर केले. ऑगस्टमध्ये मायक्रोकोडची (प्रोसेसरच्या आतल्या आज्ञावलीची) दुरुस्ती आली, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली गेली, पण आधीच झिजलेला प्रोसेसर त्या दुरुस्तीने बरा होत नव्हता. या दुसऱ्या प्रकरणात किमान लागणारे व्होल्टेज वर सरकते असे जे वर्णन आले होते, ते वाचले होते म्हणूनच सप्टेंबरमध्ये मला माझी जुनी वही काढून १.३० ची नोंद शोधण्याची बुद्धी झाली.

ऑक्टोबर २०२४ पासून मी वेग बांधणे सोडून दिले. आता पीबीओमध्ये (प्रोसेसरच्या मर्यादा बदलू देणाऱ्या एएमडीच्या सोयीत) वीजमर्यादा मूळ १४२ वॅटवरून ११५ वर आणली आहे आणि त्यातल्याच कर्व्ह ऑप्टिमायझरने प्रत्येक वेगाला लागणारे व्होल्टेज थोडे कमी केले आहे. व्होल्टेज दहा टक्क्यांनी वाढवले की तेवढ्याच वेगाला उष्णता सुमारे एकवीस टक्क्यांनी वाढते, आणि हे गणित उलट दिशेनेही तितकेच खरे असल्यामुळे फायदा मोठा होतो. सिनेबेंचचा आकडा १५,४०० च्या आसपास येतो, एक्स्पोर्टला ५१ मिनिटे लागतात, तापमान ७६ वर राहते. दोन मिनिटे मी आनंदाने सोडली.

व्होल्टेज कमी करणे म्हणजे निर्धोक, असेही कुणी समजू नये. सुरुवातीला कर्व्ह ऑप्टिमायझरमध्ये सर्व कोअरना मी उणे २५ पायऱ्यांची कपात दिली होती. एक्स्पोर्ट रात्रभर व्यवस्थित चालले आणि पहाटे, काहीच काम नसताना, संगणक रीस्टार्ट झाला. कमी भारात सर्वोत्तम कोअर सर्वांत उंच वेगाला उडी घेतात आणि ते आधीच काठावर असतात, त्यामुळे त्यांना कपात सोसत नाही. कोअरसायकलर हे साधन एकेका कोअरला वेगळे तपासते. त्याने दोन कोअर उघडे पाडले. त्या दोघांना आता उणे ८ आणि बाकीच्यांना उणे १८ आहे. हे ठरवायला मला नऊ रात्री लागल्या.

ज्यांना तरीही ओव्हरक्लॉकिंग करायचे आहे त्यांना माझे कळकळीचे सांगणे एवढेच आहे की चाचणी मे महिन्याच्या दुपारी करावी, आणि ती जमत नसेल तर संगणकाच्या केसचे पंखे मंद करून रॅमचे तापमान पंचावन्नच्या पुढे नेऊन करावी. पहिल्याच दिवशी किमान लागणारे व्होल्टेज वहीत लिहून ठेवावे, कारण ती नोंद नसेल तर झीज झाली की नाही हे नंतर कशावरूनही ठरवता येत नाही. ज्या संगणकावर दुसऱ्याची कामे किंवा घरातले एकमेव फोटो आहेत, त्याच्या रॅमच्या टायमिंगना हात लावू नये. ओव्हरक्लॉकिंगमुळे झालेले नुकसान एएमडीच्या वॉरंटीत बसत नाही, आणि पीबीओ वापरल्याने झालेले नुकसानही बसत नाही, हेही खरेदीच्या दिवशीच माहीत असावे.

हा प्रोसेसर विकत घ्यायला एक जण या जूनमध्ये आला होता. मूळ सेटिंगवर त्याने सगळ्या चाचण्या करून पाहिल्या आणि सगळ्या उत्तीर्ण झाल्या. मी त्याला वही दाखवली, १.३० आणि १.३५ या दोन नोंदी दाखवल्या आणि त्यांचा अर्थ सांगितला. त्याने तो घेतला नाही. प्रोसेसर माझ्याकडेच आहे, आणि २०२५ च्या उन्हाळ्यात उतरवलेल्या सतरा लग्नांच्या चेकसममध्ये एकही फरक निघालेला नाही.